भोंगा आणि आईचे कान

तुमच्या गल्लीत धोक्याचा भोंगा वाजला, तर तो कोणाला ऐकू येणार नाही, हे तुम्हाला माहीत आहे का? मला माहीत होतं. माझ्या आईला दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. तरी काय झालं ते सांगते.

वडील गावोगाव पत्रकं वाटायचे; त्यांच्या पिशवीतली पत्रकं वाचत मी अक्षरं शिकले. त्यामुळे काष्टीजवळच्या आमच्या गावात हवाई हल्ल्याची रंगीत तालीम होणार म्हटल्यावर पत्रक मीच लिहिलं. भोंगा वाजताच घरात जा, खिडक्यांपासून लांब बसा. पण ग्रामपंचायतीत तालुक्याहून आलेल्या साहेबांनी गल्लीची जबाबदारी दिली आमच्या शेजारणीला. ती आशा सेविका, दहावी नापास. शिट्टी तिच्या गळ्यात आणि माझ्या हातात कागदांचा गठ्ठा! माझा नुसता जळफळाट झाला.

तालमीच्या दिवशी सव्वाचारला साखर कारखान्याचा भोंगा वाजला. मी चौकात पत्रकं वाटत होते. आमचं गाव याच भोंग्यावर डबे भरतं, पाळ्या बदलतं. कोणी हलेचना.

"चारचा भोंगा आत्ता व्हय?" हॉटेलातल्या एकाने मोबाईल काढून वेळ बघितली.

"मामा, धोक्याचा आहे! घरात जा!"

"कसला धोका? ड्यूटी संपवूनच तर आलोय."

"ए पत्रकवाली, एक कागद दे इकडं," दुसरा म्हणाला. "भजी लई तेलकट हायती."

सगळे हसले. मी तावातावाने भांडत राहिले. बऱ्याच वेळाने गल्लीत आले, तर सगळी दारं बंद. आमच्या ओट्यावर अर्धवट निवडलेला हरभरा होता, आई नव्हती. दार ढकललं. आई आतल्या भिंतीला टेकून बसली होती आणि शेजारणीने तिचा हात धरला होता.

"हिनं मला उठवून आत आणलं," आई मोठ्यांदा म्हणाली. "तू कुठं हुतीस?"

मी चौकाकडे बोट दाखवलं. आईने शेजारणीच्या गालावरून हात फिरवला. ते मला भजीच्या टोमण्यापेक्षा जास्त झोंबलं.

"वहिनी, तुम्हाला कोणी यादी दिली होती का?"

"कसली यादी? आईला ऐकू येत न्हाई, हे मला कागदावर लागतं व्हय? भोंग्याच्या आधीच आले मी. पहिलं घर तुमचं."

तिचा हेवा मला आजही वाटतो, आणि तो गोड नाही. खरा हल्ला असता आणि ती नसती, तर माझं पत्रक बिनचूक असतं आणि आई ओट्यावर असती.

म्हणून एक मागणं आहे. हे वाचून झालं की उठा. आधी स्वतःच्या घरात बघा, मग डाव्या-उजव्या पाच घरांत जा. कोणाला ऐकू येत नाही, कोणाला उठता येत नाही, ते विचारा. आणि भोंगा वाजल्यावर त्यांचा हात धरायला कोण जाणार, ते तिथं उभं राहूनच ठरवा. आजच.