दुसऱ्या शिवणीची भीती

वजन उतरवायला पोटाचं ऑपरेशन एकदा केलं, की लोक तुम्हाला धाडसी म्हणतात. तेच दुसऱ्यांदा करायची वेळ आली, की त्याच लोकांच्या तोंडावर एक हसू येतं. ते हसू मला चांगलं ओळखता येतं. रत्नागिरीत माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे आणि माप द्यायला आलेली प्रत्येक बाई आधी नजरेने माझं माप घेते.

पहिल्या वेळी मी काही लपवलं नव्हतं. सात-आठ वर्षं झाली त्याला. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी जठराचा मोठा भाग काढून टाकला आणि उरलेल्याची केळ्याएवढी नळी केली. मग मी अशी काही उतरत गेले, की स्वतःचेच ब्लाऊज आत घेता घेता कंटाळले. सासरी गावाला गेले, तर वाडीतल्या बायका नवी नवरी बघायला यावं तशा येऊन गेल्या. एकीने तर माझा जुना फोटो माझ्या गालाशी धरून दोन्ही चेहरे ताडून पाहिले.

पुढे वजन परत आलं. एकदम नाही आलं. गणपतीला मुंबईकर येतात तसं आलं, आधी एकटा पुढे, मागून सगळं बिऱ्हाड. त्याच्या जोडीला छातीत जळजळ. आडवं झालं की घशाशी आंबट पाणी. उशांचा डोंगर रचून मी बसून झोपायला शिकले. गोळ्या झाल्या, पथ्यं झाली, कोकमाचं सार बंद झालं, आणि कोकणातल्या माणसाला सार बंद करणं म्हणजे काय ते कोकणातल्याच माणसाने समजून घ्यावं. शेवटी डॉक्टरांनी दुर्बीण घालून तपासलं आणि म्हणाले, "ताई, अन्ननलिकेला इजा व्हायला लागलीय. हे असं ठेवून चालणार नाही. जठराचा बायपास करू. जळजळही थांबेल आणि वजनही उतरेल. पण दुसऱ्यांदाचं ऑपरेशन पहिल्याइतकं सोपं नसतं, हे आधीच सांगतो."



मी म्हटलं, "डॉक्टर, उसवलेलं कापड परत शिवलं की जुन्या टाक्यांची भोकं राहतात. नवी शिवण त्याच्यावर आली, की तिथूनच फाटतं. माझा रोजचा अनुभव आहे."

"आम्ही जुन्या शिवणीवर नाही शिवत. बाजूची चांगली जागा बघून नवीन शिवण घालतो."

"पण तेवढं मार्जिन आहे का?"

डॉक्टर हसले. "आहे."

"बघून सांगताय, की असंच?"

"बघून सांगतोय."

मी मान हलवली, पण पटलं नाही. गिऱ्हाइकांना मीही "आहे हो मार्जिन, काळजी नको" असं छातीठोकपणे सांगते, आणि कापड मात्र हातात ताणून ताणून पुरवत असते.

स्पष्टच सांगते, मला मरणाची भीती वाटत होती. गुंगीचं औषध दिलं आणि उठलेच नाही तर? पहिल्या वेळी असला विचार मनाला शिवला नव्हता, कारण तेव्हा काय असतं तेच ठाऊक नव्हतं. आता ठाऊक होतं. आणि मेलेच, तर लोक काय म्हणणार तेही ठाऊक होतं. "खाण्यापायी गेली." छाती जळून जळून वर्षभर बसून झोपले, हे कोणाच्या तोंडी येणार नाही. या विचाराने भीतीपेक्षा संतापच जास्त व्हायचा, आणि संताप झाला की जळजळ वाढायची.

म्हणून या वेळी कोणालाच सांगायचं नाही असं मी आणि नवऱ्याने ठरवलं. नवरा बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात आहे. माणूस थंड डोक्याचा, पण थाप मारायची वेळ आली की तो गारठतो. ऑपरेशनची तारीख मिळाली ती नेमकी शिमग्यानंतरची. त्याआधी काही दिवस नुसतं पातळ प्यायचं. म्हणजे पालखी घरी येणार, मुंबईकर जमणार, चुलीवर पुरण शिजणार, आणि सून कुळथाची पातळ पिठी भुरकत बसणार. कारण तर काहीतरी सांगायला हवं. नवरा म्हणाला, "दाढा काढल्या म्हणून सांगू."

रत्नागिरीजवळच्या पालीच्या पुढे आत आमचं गाव आहे. घरात पाऊल टाकलं आणि नवऱ्याने, कोणी विचारायच्या आधीच, "हिच्या दाढा काढल्या," असं जाहीर केलं. झालं. वाडीत ज्याला त्याला दाढांचं औषध ठाऊक. कोणी लवंग आणली, कोणी हिंग, कोणी कसलीशी साल. एका काकांनी स्वतःची कवळी काढून हातावर ठेवून दाखवली आणि धीर दिला. मी हूं हूं करत गालाला हात लावून फिरत होते. फक्त सासूबाईंनी कसलंच औषध आणलं नाही. पेजेचं वाडगं समोर ठेवताना एकदाच म्हणाल्या, "दाढ काढली मंजे गाल सुजाया नको?"

आता इथे हॉस्पिटलमधल्या एका मुलीबद्दल सांगायला हवं. ऑपरेशनआधी घाबरणाऱ्यांशी बोलायला त्यांनी तिला नेमलं आहे. वयाने लहान, आवाज मधासारखा. ती मला म्हणाली होती, "भीती आली की तिच्याशी भांडायचं नाही. ती आलीय, एवढंच म्हणायचं." मी जन्मात कोणाशी भांडल्याशिवाय बोललेली नाही, त्यामुळे हे अवघडच होतं. पण तिने श्वासाचा एक प्रकार शिकवला, तो मला जमला. पाय जमिनीवर घट्ट रोवायचे, डोळे मिटायचे, खांदे सैल सोडायचे. नाकाने खोल श्वास घ्यायचा, जरा धरायचा आणि तोंडाने फूऽऽ करून सोडायचा. दुकानात मशीनवर बसून मी तो पुष्कळदा केला होता आणि हातांची थरथर थांबली होती. तो शिमग्यात, पालखीसमोर करू नये, हे त्या बिचारीला कोल्हापुरात बसून काय माहीत असणार?

पालखी आली त्या दिवशी मी डोक्यावरून न्हाले होते. केस मोकळेच होते. अंगण सारवलेलं, रांगोळी घातलेली, ओटीचं ताट माझ्या हातात. ढोल-ताशे घुमायला लागले, पालखी वळणावरून आमच्या अंगणात उतरली, आणि पालखीला खांदा दिलेल्यांत सगळ्यात पुढे माझा नवरा. दरवर्षी हे बघून मला हसू येतं, कारण एरवी घरातला सिलिंडर उचलतानाही त्याची कंबर धरते. या वर्षी हसू आलं नाही. मनात आलं, पुढच्या वर्षी ओटी भरायला आपण असू का? आणि भीती अशी आली, की हातातलं ताट वाजायला लागलं.

मी ताट बाजूला ठेवलं. पाय रोवले. डोळे मिटले. खांदे सैल सोडले. खोल श्वास, फूऽऽ. पुन्हा खोल श्वास, फूऽऽ.

ढोलवाल्याने मला बघितलं असणार, कारण ठेका एकदम बदलला आणि जोरात आला. त्या ठेक्याने सैल सोडलेले माझे खांदे आपोआप हलायला लागले. कपाळावर कोणीतरी मळवट फासला. बायकांमधून आवाज उठला, "वारं आला गो! नवा झाड लागला!"

आमच्याकडे ज्याच्या अंगात देवाचं वारं येतं, त्याला देवाचं झाड म्हणतात. आणि ब्लाऊज शिवणारी मी, पोटात अर्धी वाटी पिठी, भर अंगणात झाड झाले होते.

डोळे उघडून "अहो, हा व्यायाम आहे," एवढं म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं. पण व्यायाम कशासाठी, हा पुढचा प्रश्न आला असता. म्हणून मी डोळे मिटूनच ठेवले आणि श्वास चालू ठेवला. तेवढ्यात समोर रांग लागली. एकीने विचारलं, "माये, पोराचा लगीन जुळल काय?" मी फूऽऽ केलं. ती म्हणाली, "मे मयन्यात? बरा." कसं कळलं तिचं तिलाच ठाऊक. दुसरीला काजूच्या मोहोराचं विचारायचं होतं. डोळ्यांची फट करून पाहिलं, तर नवरा पालखीखाली उभा, चेहरा पांढराफटक. त्याला सगळं कळलं होतं, पण खांद्यावर देव. देव खाली ठेवून बायको सोडवायला येता येत नव्हतं.

मग रांग बाजूला झाली आणि सासूबाई पुढे आल्या. त्यांच्या बांगड्या वाजल्या म्हणून मला कळलं. त्यांनी माझ्या पायावर पाणी घातलं. माझ्या! मला धरणी दुभंगावी असं झालं.

"माये," त्या म्हणाल्या, "माझी सून जेवत नाय. हसत नाय. मशीनीवर बसली तरी हात कापतात, असा माझा पोरगा झोपेत बडबडला. दाढ काढली सांगतात. मना पटत नाय. तिला काय झालाय ता तू सांग."

मी गप्प राहायचंच ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. पण इतक्या दिवसांत असं सरळ कोणी विचारलंच नव्हतं. तोंडातून निघून गेलं, "ती घाबरलीय."

ढोल थांबला.

"कशाला?"

"पोटाचं ऑपरेशन आहे. दुसऱ्यांदा. शिमगा झाला की."

आता ते हसू येणार, म्हणून मी मिटलेले डोळे आणखी घट्ट मिटले. कोणी हसलं नाही. सासूबाईंचा श्वास मात्र मला ऐकू आला. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "ती परत येल ना?"

हो म्हणायला काय जात होतं? देव हो म्हणतोच. सगळं अंगण त्यासाठी थांबलं होतं. पण ते एक उत्तर मला स्वतःलाच हवं होतं आणि ते माझ्याकडे नव्हतं. मी म्हटलं, "माहीत नाही."

गावचे मानकरी, म्हणजे आमचे चुलत सासरे, पुढे सरसावून एकदम थबकले. देव रागावलेला त्यांनी पाहिला होता, रुसलेला पाहिला होता. माहीत नाही म्हणणारा देव त्यांच्या हयातीत पहिलाच. सासूबाईंनी पदर कमरेला खोचला. म्हणाल्या, "तुलापण नाय म्हायत? मग तू हितंच ऱ्हा, गावाकडं बघ. मी जातंय तिच्याबरोबर."

आणि पदराचं टोक सोडवून त्यांनी माझ्या कपाळावरचा मळवट पुसला. पुसता पुसता कानाशी म्हणाल्या, "डोळे उघड आता. पालखी खोळंबलीय."

मी डोळे उघडले. त्यांना कधीपासून कळलं होतं, ते मी आजवर विचारलेलं नाही.

मानकऱ्यांना काय करावं ते सुचेना, म्हणून त्यांनी जे येतं ते केलं. पालखीपुढे हात जोडून गाऱ्हाणं घातलं, सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात. "बा देवा म्हाराजा, ह्या घरची सून पोटाच्या दुसऱ्या आपरेशनला कोल्हापूरला जातेय, डागतराच्या हाताला येश दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

"जशी गेली, तशी घरी आण रे म्हाराजा!"

"तशी नको!" मागून कोणीतरी ओरडलं. "बारीक करून आण!"

अंगण खदखदून हसलं. मीही हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मानकऱ्यांनी घसा खाकरला आणि गंभीरपणे दुरुस्ती केली, "बारीक करून घरी आण रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी आवाज जास्त मोठा होता. मी ज्यांच्यापासून लपवत होते, तेच सगळे माझ्यासाठी घसा फोडत होते. जुना फोटो गालाशी धरणारी तर सगळ्यात पुढे होती.

भीती गेली नाही. ते खोटं सांगणार नाही. कोल्हापूरच्या वाटेवर आंबा घाटात सासूबाईंना गाडी लागली आणि त्यांना लिंबू हुंगायला देण्यात माझा बराच वेळ बरा गेला, एवढंच. ऑपरेशनच्या सकाळी मी पुन्हा तशीच घाबरलेली होते. मला ट्रॉलीवर आडवी केली आणि आत न्यायला निघाले. नवरा मागे कागदांवर सह्या करत होता आणि सासूबाई ट्रॉलीचा दांडा धरून शेजारून चालत होत्या. दारापाशी नर्स म्हणाली, "आजी, आता हितं थांबायचं."

सासूबाईंनी दांडा सोडला नाही. "हितून पुढं तिच्याबरोबर कोण?"

"मी हाय न्हवं, आजी."

सासूबाईंनी त्या पोरीला खालून वरपर्यंत निरखून पाहिलं. शिडशिडीत होती बिचारी. "सकाळी कायतरी खाल्लंस काय?"

"खाल्लंय की."

"मग ने," त्या म्हणाल्या, आणि एकेक बोट सोडवत त्यांनी दांडा तिच्या हातात दिला.