आक्कांनी न केलेली सही

आक्का ओढणी कमरेला बांधू लागल्या, की आमच्या प्रयोगशाळेतली माणसं चहाला पळायची. आता कुणाची तरी खरडपट्टी निघणार, हे ठरलेलं. कामशेतपलीकडच्या शेतकरी घरातल्या आक्का लोणावळ्याला आमच्याबरोबर पीएचडी करत होत्या. वयाने मोठ्या, म्हणून आक्का. इंग्रजी चोख लिहायच्या, पण बोलायच्या मावळीच, अगदी पाहुण्या प्राध्यापकांसमोरसुद्धा. कुणी हसलं तर म्हणायच्या, "प्रोटीनला काय पुणेरी कळतंय व्हय?"

भाताला करपा रोगापासून वाचवणाऱ्या एका प्रोटीनवर आमचं काम चालायचं. प्रोटीन म्हणजे शेकडो दुव्यांची साखळी. त्यातले खरं काम करणारे दुवे कोणते, ते कॉम्प्युटरवर शोधायचं. तेच प्रोटीन निरनिराळ्या वनस्पतींतून घ्यायचं, साखळ्या एकाखाली एक लावायच्या, आणि बाकी सगळं बदलूनही जे दुवे बदलले नाहीत त्यांवर बोट ठेवायचं. आमच्या मार्गदर्शक सरांनी मात्र सगळ्या साखळ्या भाताच्याच वाणांच्या लावल्या होत्या. मग सगळंच सारखं दिसणार! त्यातलाच एक लांबलचक पट्टा महत्त्वाचा ठरवून शोधनिबंध छापायला निघाला होता.

आक्कांनी ओढणी बांधली. "सर, बांधाच्या भांडणात सगळी साक्ष भावकीचीच घेतली, तर निकाल काय लागंल? लांबची मानसं इचारा. गहू घ्या, नाचणी घ्या, शेवाळ घ्या." त्यांनी स्वतः तशी जुळणी करूनही दाखवली. सरांचा पट्टा कुठल्या कुठे गेला आणि भलत्याच टोकाला दोन दुवे उरले.

सर म्हणाले, "आता फार उशीर झालाय. सहलेखक म्हणून संमतीची सही करा, नाहीतर प्रकल्प सोडा." प्रकल्प सोडणं म्हणजे पीएचडीवर पाणी. आम्ही सगळ्यांनी समजावलं. "एका सहीनं काय बिघडतंय, आक्का?"

"तुमचं बिघडत न्हाई ना? मग तुमी करा की."

मला त्यांचा भयंकर राग आला आणि अभिमानही वाटला. निबंध त्यांच्या नावाशिवाय छापून आला. आक्का डबा उचलून निघाल्या, त्या वडगावला एका कॉलेजात शिकवू लागल्या.

तिथून त्यांनी दुसऱ्या एका प्रयोगशाळेला गळ घातली आणि आपले ते दोन दुवे बदलून प्रोटीन तपासून घेतलं. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला.

"माजी जागा चुकली गं. दोन्ही दुवे बदलले, तरी प्रोटीन आपलं काम करतंयच."

एवढ्यासाठी या बाईने सगळं सोडलं! "म्हणजे सरच बरोबर होते?"

आक्का खळखळून हसल्या. "ते कुनाला ठाव? त्यांनी तपासलंय कुटं? मी निदान तपासून चुकले. आता त्यांचा पट्टा बी मीच तपासणार हाय. खरा निगाला, तर त्यांच्या दारात जाऊन सांगंन. आन् सही बी तवाच करंन."