पॉइंट गार्ड, मुक्काम जेद्दा

समोरच्याकडे नीट बघून वस्तू हातात देणारी माणसं जगाच्या एका बाजूला उभी केली, तर दुसऱ्या बाजूला आमचा कॅप्टन एकटाच उरेल. मुंबईच्या कॉलेजात तो माझ्यापुढे एक वर्ष होता, बास्केटबॉलच्या टीमचा कॅप्टन होता आणि पॉइंट गार्ड होता. पॉइंट गार्ड म्हणजे स्वतः बास्केट करण्यापेक्षा दुसऱ्याकडून करवून घेणारा. चेंडू घेऊन यायचं, समोरच्यांना झुलवायचं, बघायचं एकीकडे आणि पास द्यायचा दुसरीकडे. हे न बघता देणं त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं की कँटीनमध्ये मीठ मागितलं तरी तो खिडकीबाहेर बघत मिठाची बाटली फेकायचा. ती मला एकदाही झेलता आली नाही. मी त्या टीममध्ये राखीव होतो, म्हणजे बाकावर बसून बाकीच्यांचे टॉवेल सांभाळत होतो, आणि त्याचं कारण बऱ्याच अंशी हेच होतं. "तू माज्याकडं बगत ऱ्हातोस, थितंच चुकतंय," तो म्हणायचा. "माज्याकडं नको बगू. हात तयार ठेव."

तो खेडजवळच्या खाडीकाठच्या गावचा. उंचीने बेताचा, पण ही गोष्ट त्याच्या कानावर कुणी घातलेली नसावी. त्याच्या मते अख्खी मनुष्यजात बास्केटबॉलच्या पाच जागांमध्ये वाटलेली होती आणि कोण कुठल्या जागेचा हे त्याला माणूस दारातून आत येतानाच कळायचं. पुढे जेद्दाला माझं लग्नानंतरचं घर त्याने पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा बायकोला त्याने आल्याआल्या सेंटर ठरवलं. घरातली प्रत्येक वस्तू तिच्या हातातूनच पुढे जाते, असं त्याचं निरीक्षण होतं. माझी जागा विचारली तर तो चहा पिऊ लागला. कांदे आणायला पाठवलं की दुकानातून बाहेर पडेपर्यंत त्यातला एखादा तरी तो जमिनीवर आपटून बघायचा. सरकारी कचेरीत इकाम्याच्या, म्हणजे तिथे राहायच्या परवान्याच्या, रांगेत तो गुडघे वाकवून, दोन्ही हात पसरून उभा राहायचा. एकदा एक धिप्पाड गृहस्थ मध्ये घुसू पाहत होते. कॅप्टन त्यांना हातही न लावता, नुसता त्यांच्यासमोर खेकड्यासारखा आडवा सरकत राहिला. तो हॉल संपेपर्यंत सरकला, आणि ते गृहस्थ मुकाट्याने रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.

आता हा माणूस सौदीत कसा पोचला, ते सांगायला हवं. कॉलेज संपल्यावर त्याने एकच ध्यास घेतला होता, कुठल्या तरी व्यावसायिक लीगमध्ये खेळायचं. वरची नको, खालची चालेल, पण पगार घेऊन खेळायचं. आपल्याकडे तशी सोय नव्हती. गावचे अर्धे लोक आखातात, त्यामुळे त्याच्या आधी त्याची इच्छाच तिकडे जाऊन पोचली. मुंबईतल्या एका एजंटने निरोप धाडला की जेद्दाच्या एका स्पोर्ट्स क्लबला गार्ड पाहिजे. क्लबची टीम दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये खेळत होती. कॅप्टनने नीट चौकशी केली. गार्डमध्येही दोन प्रकार असतात, म्हणून त्याने विचारलं, शूटिंग गार्ड का? एजंट म्हणाला, शूटिंग-बिटिंग काही नाही, तिथे बंदूक देत नाहीत. कॅप्टनला वाटलं, एजंट विनोदी आहे. शूटिंग नाही म्हणजे पॉइंट गार्ड, म्हणजे आपलीच जागा. गावाने त्याला हार घालून पाठवलं. विमानतळावरून क्लबच्या गाडीने त्याला थेट फाटकाजवळच्या खोलीत नेलं आणि तिथे एक शिटी, एक बॅटरी आणि किल्ल्यांचा जुडगा हातात दिला. शिटी बघून त्याला वाटलं की आपल्याला कोचिंगचंही बघायचं आहे. इकामा हातात पडला तेव्हा त्यावर धंद्याच्या जागी लिहिलं होतं, हारिस. अरबीत हारिस म्हणजे पहारेकरी.

दुसरा कुणी असता तर डोक्याला हात लावून बसला असता. हाही बसला असेल, पण मी तिथे पोचलो तोवर त्याने त्यातून वाट काढली होती. मला बँकेने संगणक खात्यात जेद्दाला पाठवलं, अझीझिया भागात घर मिळालं, आणि एके दिवशी एका क्लबच्या फाटकाशी शिटी गळ्यात अडकवून उभा असलेला माणूस माझ्या गाडीकडे न बघता मला आत येण्याची खूण करताना दिसला. मी ओळखलं. गावाकडे त्याच्या अम्मीला तो कळवत असे की मी प्रोफेशनल लीगमध्ये गार्ड आहे. मी एकदा दबकत हटकलं, तर म्हणाला, "लीग प्रोफेशनल हाय, क्लब प्रोफेशनल हाय, नि मी गार्ड हाय. ह्यात खोटं काय हाय ता सांग." गुरुवारी संध्याकाळी मी त्याच्याकडे जायचो. तो माझी गाडी भिंतीच्या सावलीत लावून द्यायचा आणि निघताना भलतीकडे बघत किल्ली फेकायचा. ती नेमाने बोगनवेलीत जाऊन पडायची आणि आम्ही दोघं काट्यांत हात घालून शोधत बसायचो. हसायला त्याला तेवढं पुरायचं.

दुपारी क्लब रिकामा असला की तो फाटकाला कुलूप घालून एकटा कोर्टवर खेळायचा. ते टीमच्या इजिप्शियन कोचने कधीतरी पाहिलं. पुढे सरावाला माणूस कमी पडला की कोच त्याला हाक मारू लागला, आणि एका हंगामाच्या शेवटी परदेशी गार्ड करार सोडून निघून गेला तेव्हा कोचने मनावर घेतलं. क्लबच्या मालकाला त्याने गळ घातली की एका मैत्रीच्या सामन्यात या माणसाचा खेळ स्वतः बघा. आवडला तर इकाम्यावरचं हारिस काढून लाइब करा, म्हणजे खेळाडू, आणि पुढच्या हंगामात टीममध्ये घ्या. मालक म्हणाला, इन्शाल्ला, येईन. कॅप्टनची तेव्हा तिशी उलटली होती. अशी संधी पुन्हा येणार नाही हे त्याला कळत होतं आणि आम्हालाही. अम्मीला त्याने फोनवर फक्त एवढंच सांगितलं की मोठी मॅच आहे, दुवा कर. तो नेहमी मोठीच मॅच म्हणायचा, त्यामुळे तिला फरक कळला नसेल.

सामना मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, नमाजानंतर होता. आम्ही मराठी मंडळी दोन गाड्या भरून गेलो होतो, बायकोने कोथिंबीरवड्यांचा डबा घेतला होता. फाटकावर कॅप्टनने शेजारच्या मलबारी दुकानदाराला उभं केलं होतं. त्याच्या गळ्यात शिटी घातली, हातात बॅटरी दिली. कॅप्टन चड्डी-बनियन घालून कोर्टवर आला तेव्हा मला तो कॉलेजातलाच वाटला. असा खेळ मी त्या वयाच्या माणसाचा पाहिला नाही. तो पळत होता तेव्हा कुठूनतरी बारीक खुळखुळ ऐकू येत होती, आणि आम्हाला वाटलं की कुणाच्या तरी पोराचं खेळणं असेल. कोच सारखा मालकाच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होता. सामना संपत आला, गुण बरोबरीत होते, चेंडू कॅप्टनच्या हातात होता, आणि फाटकाबाहेर गाडीचा हॉर्न वाजला. लांबलचक, चिडलेला. मलबारी दुकानदार फाटकाशी जोरजोरात शिटी फुंकू लागला, कारण त्याला दुसरं काही करता येत नव्हतं. किल्ल्यांचा जुडगा कॅप्टनच्या चड्डीच्या नाडीला बांधलेला होता. तो त्याच्या अंगाला इतका सवयीचा झाला होता की द्यायचा राहून गेला होता.

मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. हॉर्न दुसऱ्यांदा वाजला तेव्हा त्याची मान फाटकाकडे वळली, पाय वळले, आणि त्याने उजव्या हाताने, तिकडे अजिबात न बघता, चेंडू सोडला. मग तो खुळखुळत धावत सुटला. कोच ओरडला, आम्ही ओरडलो. धावता धावता त्याने नाडी सोडून जुडगा काढला, एका हाताने चड्डी धरली आणि दुसऱ्या हाताने फाटक उघडलं. मालकाची गाडी आत आली. खेळाडूच्या कपड्यांत, घामाने निथळत, चड्डी धरून कॅप्टनने सलाम ठोकला. आणि इकडे त्याचा पास बास्केटखाली उभ्या असलेल्या उंच पोऱ्याच्या तयार हातांत पडला होता, त्याने नुसता वर ठेवला, आणि सामना जिंकला होता. मालकाने उतरून विचारलं, काय झालं? जिंकलो म्हटल्यावर तो खूश झाला. एवढ्या मॅचमध्येसुद्धा धावत येऊन फाटक उघडणारा हारिस बघून तर तो फारच खूश झाला. कोचने त्याला परोपरीने सांगून पाहिलं. मालक हसून म्हणाला, खेळाडू पुष्कळ मिळतात, असा हारिस मिळत नाही, याचा इकामा वाढवा.

मी फाटकाशी गेलो तेव्हा कॅप्टन कुलूप लावत होता. माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "बास्केट झाली?"

"झाली," मी म्हटलं.

"मग खलास," तो म्हणाला, आणि कोथिंबीरवडी खाल्ली.

मला त्या संध्याकाळचं अजून वाईट वाटतं. तो हॉर्न अर्धं मिनिट उशिरा वाजायला काय हरकत होती, हे मला आजही समजलेलं नाही. कोच त्याच वर्षी कैरोला परत गेला. कॅप्टनने दुपारचं खेळणं आधी गुडघ्यांवर ढकलून कमी केलं, मग बंद केलं. रांगेत तो चार माणसांसारखा सरळ उभा राहू लागला. घरी आला की कांदे पिशवीतच असायचे. बायको एकदा मुद्दाम म्हणाली, हे कुठल्या जागेवर खेळतील ते तुम्ही अजून सांगितलं नाही. त्यावर तो म्हणाला, भाभी, जागा मिळाली की पुरे.

दोन वर्षांनी माझी पुण्याला बदली झाली. गाडी विकायच्या आधीच्या गुरुवारी मी शेवटचा त्याच्याकडे गेलो. त्याने नेहमीसारखी गाडी सावलीत लावली, खोलीत चहा केला, अम्मीची तब्येत सांगितली. निघताना मी बोगनवेलीपासून लांब, मोकळ्या जागेत जाऊन उभा राहिलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्याच्याकडे बघत नव्हतो. मी पलीकडच्या कोर्टकडे बघत होतो आणि दोन्ही हात पुढे करून उभा होतो, एकदम तयार. किल्ली येईना. मग पावलं ऐकू आली. कॅप्टन फाटकापासून चालत माझ्यापर्यंत आला, माझ्याकडे नीट बघितलं, आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.