वाघदेवाच्या पोटावरचा पांढरा बाण

ट्रेकर मंडळी, सुरगाण्याहून आत्ताच नाशकात परतलोय. बूटही वाळले नाहीत, पण घरी बसवेना म्हणून सायबर कॅफेत येऊन लिहितोय. धबधब्याच्या वाटेवरच्या दगडावर ऑइलपेंटचा तो पांढरा बाण आपल्यापैकी कोणी काढला?

अहो, तो साधा दगड नाही. त्यावर वाघ कोरलाय, वर चंद्र-सूर्य. आणि बाण नेमका वाघाच्या पोटावर!

मी बघत उभा होतो, तेवढ्यात शेळ्या हाकत एक आजी आल्या. म्हणाल्या, "हा आमचा वाघदेव. दिवाळीच्या तोंडावर वाघबारसला याला शेंदूर लावतो. आता कुठं लावायचा?"

मी म्हटलं, "आजी, टर्पेंटाइन आणून पुसून देतो."

"नको रं बाबा. माझ्या सासऱ्यानं लावलेला शेंदूरबी त्याच्यासंगं निघंल."

कोणी वाट चुकू नये म्हणून आम्ही बाण काढतो, हे त्यांना न सांगताच मी उतरायला लागलो.

सांगा, आता काय करायचं? चिडलोय खूप, पण कोणावर चिडू? उतरताना धुकं दाटलं, वाट दिसेना, तेव्हा मीही डोळे फाडून तोच बाण शोधत होतो.