ओसाड गावची सोयरीक

इतिहास शिकवणाऱ्या माणसानं निदान स्वतःचं लग्न ठरेपर्यंत तरी तोंड मिटून बसावं. मला ते जमलं नाही. ऐका, पण चहा सांडू नका!

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मी मूळचा साताऱ्याचा, मालवणकडच्या शाळेत नवा मास्तर. खाडीपलीकडच्या गावातल्या एका मुलीचं स्थळ सांगून आलं. जत्रेत तिला ओझरतं पाहिलं होतं आणि मी पार विरघळलो होतो. बोलावणं पुढच्या आठवड्याचं होतं, पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! न कळवताच होडीनं खाडी ओलांडली.

गावात चिटपाखरू नाही हो! दारांना कुलपं, गोठे रिकामे, भुंकायला कुत्रंसुद्धा नाही. होडी भलत्याच गावाला लागली, असं मी ठरवून टाकलं. आणि हे गाव ओसाड! अंगणाअंगणातून हिंडलो. तुळशीपुढची रांगोळी ताजी होती, पण संशोधनाच्या भरात असल्या बारीकसारीक गोष्टी कोण बघतो?

शिवेबाहेर आलो तर झावळ्यांच्या खोपी, पेटलेल्या चुली, बायकांच्या फुगड्या! एका खोपीपुढे पिकल्या मिशांच्या गृहस्थांनी गूळपाणी दिलं. झालं, मी सुरू!

"काका, हे गाव शंभर वर्षांपूर्वी पटकीच्या साथीत उठलं."

"अरे देवा! आनी लोक?"

"मेले! ते दारात फणस असलेलं चिऱ्याचं घर आहे ना? तिथला मालक तर सगळ्यात आधी गेला असणार."

"मी थंयच ऱ्हवतंय," काका शांतपणे म्हणाले.

खोपीत कुणीतरी खुदकन हसलं. बघतो तर तीच! म्हणजे काका तिचे वडील, ती त्यांचं चेडू. टोपी काढून मी ओळख सांगितली, स्थळाचा मास्तर तो मीच!

"मास्तरानू, ही गावपळण. देवाचो कौल झालो की गुराढोरांसकट सगळो गाव तीन दिवस शिवेभायर. आत मनिस शिरलो तर पळण परत पयल्यापासून! तुमी खंय खंय गेल्लास?"

"सगळीकडे."

एकच हाहाकार! अख्खं गाव गोळा झालं. शिवेवरच्या राखणदार देवाच्या दगडाला दोन बाजूंना ओल्या पाकळ्या लावून कौल मागितला, 'गावात मनिस शिरलो, असा धरूचा काय?' उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. 

डावी पडली! लोक नाचले, मीही नाचलो. त्याच भरात काकांना विचारलं, "मग आमचं कधी ठरवायचं?"

काकांनी हात जोडले.

"आता कसा ठरवतलंय, मास्तरानू? शिरलो तो मनिस न्हय, असा देवानच सांगितल्यान. आनी माका माझा चेडू मनसाकच देवचा आसा!"