बयताड कुठून आला

मालगाडीच्या शिट्टीने घोडा उधळला होता, लगाम खाली फरफटत होता आणि टांगेवाला आमच्याकडे तोंड करून 'चारसो बीस' हा शब्द कुठून आला ते सांगत होता.

"बयताड्या, पयले लगाम धर!" सासूबाई ओरडल्या.

बडनेरा स्टेशनावरून अमरावतीला आम्ही नेहमी त्याच्याच टांग्यातून यायचो. प्रत्येक टवाळ शब्दाचा उगम त्याच्याकडे तयार असे, आणि गिऱ्हाईक पाहून तो बदले. बयताड म्हणजे मूर्ख. वकिलाला तो म्हणे, हा शब्द कोर्टातून आला. भटजीला म्हणे, पोथीतून. आम्ही माळी, म्हणून आम्हाला संत्र्याच्या बगिच्यातून. मला एकही उगम पटला नाही, पण रस्ता सरायचा.

त्या दिवशी तो टांग्याच्या दांडीवर उतरला, वाकून त्याने लगाम पकडला आणि घोडा नाल्याच्या काठावर थांबवला.

"आता सांग, बयताड कुठून आला?" सासूबाई म्हणाल्या.

"कुठून आला ते मले नाई मालूम, माय. कोनासाठी आला, ते आज समजलं."

टांग्यात मी, सासूबाई आणि तो होतो. तिघंही जगलो.