तुळशीजवळची तार

काल दुकानात व्हॅक्यूम क्लीनर पाहत होतो. दुकानदार सहज म्हणाला, "प्लगची तिसरी पिन बसली नाही तर काढून टाका, मशीन चालतंच." तेवढ्यावर मला सेलूचं अंगण आठवलं आणि ओल्या काळ्या मातीचा वास आला.

पन्नासच्या दशकात आमच्या घरी नुकतीच वीज आली होती. बाबांनी वर्ध्याहून विजेची इस्त्री आणली. शॉक लागू नये म्हणून तिची तिसरी तार, म्हणजे अर्थिंगची, जमिनीत पुरायची होती.

"दोन तारांवरबी चालते," बाबा म्हणाले. "अंगण काऊन खोदायचं?"

आई भांडी घासून ओल्या हातांनीच आली. "इस्त्री कोन करन? तुमी?"

बाबांनी इस्त्री तिच्यापुढे सरकवली.

"मंग तार पुरल्याबिगर मी तिले हात लावत नाई. चुरगाळलेला शर्ट घालून जा कचेरीत."

बाबा आठवडाभर तसेच गेले. रविवारी त्यांनी कुदळ घेतली. उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडलेल्या आणि तारेला तर ओल हवी. आईने तुळशीशेजारी बोट दाखवलं. "इथं रोज पानी पडते."

"देवाजवळ तार?"

"देवालेबी घरच्या बाईची काळजी असनच."

ओल टिकावी म्हणून मीठ-कोळसा घालून खड्डा बुजवला. मग रोज सकाळी आई एक तांब्या तुळशीला घाली आणि एक तारेला. हक्कांवरची किती पत्रकं मी पुढे वाचली, पण इतकी साधी मागणी एकातही सापडली नाही.

दुकानदाराला म्हटलं, "तुमच्याकडून मी झाडूसुद्धा घेणार नाही."